हवेतले मागचे दार

खिशातला मोबाइल काढा, त्यातले वाय-फायचे पान उघडा आणि भोवती कोणकोणती नावे दिसतात ती एकदा सावकाश वाचा. आठ-दहा घरांच्या इमारतीत राहत असाल तर पंधरा-वीस नावे सहज सापडतील. कोणाचे आडनाव, कोणाच्या मुलीचे लाडाचे नाव, कोणी ‘साईकृपा’, कोणी ‘फुकट मिळणार नाही’ असे आधीच बजावणारा, आणि उरलेले कारखान्यातून आलेले अक्षरांचे व आकड्यांचे गबाळ तसेच ठेवणारे. पूर्वी जिना चढताना दारांवरच्या पाट्या वाचत जायचे, तसेच हे वाचन. फरक एवढाच, की दारावरची पाटी दारापाशीच थांबायची. ही पाटी भिंत ओलांडून तुमच्या बैठकीच्या खोलीत येते.

माझा चरितार्थ गेली वीसेक वर्षे बराचसा या पाट्या वाचण्यावर चालला आहे. पुण्यातील एका कंपनीत मी संगणकांचे जाळे सांभाळतो. आमच्यासारख्यांना ‘आयटीवाले’ म्हणतात, आणि आयटीवाला म्हणजे अडकलेला प्रिंटर चालू करून देणारा माणूस असा सार्वत्रिक समज आहे. तेही मी करतो. पण महिन्यातून एकदा मी कार्यालय, गोदाम आणि आवार असा पायी फेरा मारतो आणि हवेत कोणकोणती वाय-फाय बोलत आहेत याची नोंद वहीत करतो. त्यातले आपले कोणते, शेजाऱ्याचे कोणते आणि परके असून आपल्या घरात शिरलेले कोणते, हे ठरवणे हे माझ्या कामातले सर्वांत अवघड काम आहे.

परवानगीवाचून बसवलेल्या अशा वाय-फायच्या खोक्याला आमच्या धंद्यात ‘रोग ॲक्सेस पॉइंट’ म्हणतात. इंग्रजीत त्या ‘रोग’चा अर्थ लबाड किंवा उनाड असा आहे, मराठी कानाला मात्र ते दुखणेच वाटते. आमच्या हिशेबखात्यातील एका बाईंनी हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा काळजीने विचारले, ‘‘अहो, मग तो पसरतो का?’’ सगळे हसले. मला प्रश्न बरोबर वाटला. बहुतेक दुखण्यांप्रमाणे हाही रोग बाहेरच्या शत्रूपेक्षा घरातल्याच एखाद्या गैरसोयीतून सुरू होतो, आणि मूळ गैरसोय तशीच राहिली तर एका कोपऱ्यातून काढलेला खोका दुसऱ्या कोपऱ्यात उगवतो.

तार आणि हवा

संगणक नुसत्या तारेने जोडले जात होते तोवर गोष्ट सोपी होती. कंपनीच्या जाळ्यात शिरायचे तर कंपनीच्या इमारतीत शिरावे लागे. फाटकावर रखवालदार, दाराला कुलूप, भिंतीला तारेचा जॅक. १९९७ साली बिनतारी जाळ्याचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, दोन वर्षांनी ‘वाय-फाय’ हे नाव रूढ होऊ लागले, आणि जाळे भिंतीतून बाहेर पडून हवेत आले. तारेवरचे बोलणे हवेत सोडणारा आणि हवेतले तारेवर आणणारा जो खोका, तोच ॲक्सेस पॉइंट. घरात आपण ज्याला नुसते ‘राउटर’ म्हणतो, त्यात हेच काम करणारा भाग असतो.

आता कल्पना करा, की एखाद्याने बाजारातून हजार-दीड हजार रुपयांचा राउटर आणला आणि कार्यालयाच्या भिंतीतल्या जॅकमध्ये खुपसला. क्षणात कंपनीचे आतले जाळे खिडकीतून खाली उतरले, वाहनतळावर गेले, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचले. पुढच्या दाराशी लाखो रुपये खर्चून बसवलेली संरक्षक यंत्रणा तशीच उभी आहे. तिला काही कळलेलेही नाही. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा अडसर लावून बंद करावा आणि धुणे वाळत घालायला गेलेल्या कोणी परसातले दार उघडे टाकावे, तसा हा प्रकार.

म्हणून माझ्या वहीत दिसणाऱ्या प्रत्येक नावाची मी चारांपैकी एका खान्यात भरती करतो. पहिला खाना आपल्या खोक्यांचा. दुसरा शेजाऱ्यांचा: वरच्या मजल्यावरचे, पलीकडच्या इमारतीतले, रस्त्यावर उभ्या गाडीतले. त्यांची लहर आपल्या भिंतीत येते म्हणून ते गुन्हेगार ठरत नाहीत. तिसरा आपल्याच तारेला आपल्या नकळत जोडलेल्यांचा; हा खरा ‘रोग’. आणि चौथा तोतयांचा. आपल्याच कंपनीचे नाव लावून कोणी आवाराबाहेर खोका चालू केला, तर आपल्या माणसाचा लॅपटॉप ओळखीचे नाव पाहून त्याला बिलगतो. दुसऱ्या खान्यातले चुकून तिसऱ्यात टाकले तर शेजाऱ्यावर अन्याय होतो, आणि तिसऱ्यातले दुसऱ्यात टाकले तर स्वतःवर.

गोदामातला खोका

२०१७ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. महिन्याच्या फेऱ्यात एक नवे नाव दिसले. एका प्रसिद्ध बनावटीच्या राउटरला कारखान्यात मिळते तसले नाव, जसेच्या तसे. कार्यालयाच्या व्हरांड्यात ते क्षीण होते. आमच्या यंत्रावर लहरीचा जोर उणे आकड्यांत दिसतो. उणे पंचाऐंशी म्हणजे लांबची कुजबुज आणि उणे चाळीस म्हणजे कानाशी बोलणे. लहान मुले लपवलेली वस्तू ‘थंड, गरम’ करत शोधतात, तसेच हे शोधायचे. एक युक्ती सांगतो. यंत्र छातीशी धरून स्वतःभोवती हळूहळू फिरायचे. माणसाच्या अंगात पाणी पुष्कळ, त्यामुळे आपले शरीर मध्ये आले की लहर दबते. जिथे जोर सर्वांत कमी होईल, त्या वेळी खोका आपल्या पाठीमागे आहे असे समजावे.

गोदामाच्या दाराशी आकडा उणे साठवर आला. आत लोखंडी मांडण्या. लहर त्यांच्यावर आपटून भलतीकडूनच आल्यासारखी वाटते. तेव्हा मी हवा सोडून तारेकडे वळलो. जाळ्याच्या प्रत्येक उपकरणाला बारा चिन्हांचा एक जन्मजात क्रमांक असतो. त्यातली पहिली सहा चिन्हे बनवणाऱ्याची ओळख सांगतात. एकाच खोक्याचा हवेतला क्रमांक आणि तारेवरचा क्रमांक पुष्कळदा शेवटच्या चिन्हापुरतेच वेगळे असतात. सगळ्या तारा जिथे एकत्र येतात त्या नेटवर्क स्विचला विचारले, की या क्रमांकाचा सख्खा भाऊ तुझ्याकडे आहे का? होता. ती तार गोदामातल्या बांधणीच्या टेबलाकडे जात होती. टेबलामागे पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या चळतीआड राउटर होता, आणि गळक्या पत्र्याचे पाणी पडू नये म्हणून त्यावर दुधाची धुतलेली पिशवी नीट कापून घातलेली होती.

ती पिशवी पाहताच मला माणूस कळला. माल रवाना करण्याचे काम पाहणारे आमचे काका. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. कंपनीने त्यांना हातात धरायचे स्कॅनर दिले होते. प्रत्येक खोक्यावरची खूण त्याने वाचायची आणि ती लगेच जाळ्यावर चढायची. पण गोदामाच्या मागच्या निम्म्या भागात रेंजच येत नव्हती. म्हणजे खोके उचला, दारापर्यंत चालत या, खूण चढवा, परत जा. दिवसातून शंभर वेळा, दुखऱ्या गुडघ्याने. काकांनी दोनदा लेखी तक्रार दिली होती. मी पाहणी करून गोदामासाठी दोन ॲक्सेस पॉइंटची मागणी वर पाठवली होती. ती मंजुरीच्या वाटेत कुठेतरी पडून होती. शेवटी काकांच्या भाच्याने घरचा जुना राउटर आणून जोडून दिला. पासवर्ड एक ते आठ आकडे, ओळीने.

मी त्या तारेचे टोक स्विचवरून बंद केले, राउटर काढून घेतला आणि वर कळवले. आमचे व्यवस्थापक संतापले. म्हणाले, ‘‘आजच्या आज काढून टाका!’’

‘‘खोका काढलाय, साहेब.’’

‘‘खोक्याचं नाही बोलत मी.’’

मी तीन दिवस मागितले. त्या खोक्यातून कोण आत आले हे तपासल्यावाचून काही ठरवणे योग्य नव्हते. राउटरच्या स्मरणात आणि आमच्या नोंदींत शोधले, तेव्हा तीनच उपकरणे सापडली: कंपनीचे दोन स्कॅनर आणि काकांचा स्वतःचा फोन. बाहेरचा कोणी नाही. पण हे कळेपर्यंतचे तीन दिवस काका डबा न उघडता घरी परत नेत होते, हे मला नंतर गोदामातल्या मुलांनी सांगितले.

व्यवस्थापकांसमोर मी दोन कागद ठेवले. एक, तपासाचा निष्कर्ष. दुसरा, काकांच्या दोन तक्रारी आणि माझी मागणी, तारखांसह. म्हटले, ‘‘साहेब, त्यांनी नियम मोडला हे खरंच. पण माल वेळेवर जावा म्हणून मोडला. त्यांना काढलंत तर उद्या दुसरा कोणी खोका आणणार नाही असं नाही. फक्त तो जास्त नीट लपवेल.’’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग मागणी मंजूर झाली आणि दोन आठवड्यांत गोदामात रीतसर ॲक्सेस पॉइंट लागले. काकांची नोकरी वाचली, लेखी ताकीद मात्र त्यांच्या फायलीत गेली. आधी ते मला ‘बाळ’ म्हणत. त्यानंतर निवृत्तीच्या दिवसापर्यंत ‘साहेब’ म्हणत राहिले.

युद्धनौकेवरचे ‘स्टिंकी’

हा प्रकार साध्या गोदामातच घडतो असे कोणी समजू नये. अमेरिकी नौदलाच्या ‘मँचेस्टर’ या युद्धनौकेवर २०२३ साली सफरीला निघण्यापूर्वी काही ज्येष्ठ नौसैनिकांनी गुपचूप उपग्रहाच्या इंटरनेटची ‘स्टारलिंक’ची तबकडी वरच्या डेकवर बसवली आणि आपल्यापुरते वाय-फाय चालू केले. समुद्रावर घरच्यांशी बोलता यावे, खेळाचे सामने पाहता यावेत, एवढाच मोह. पण युद्धनौका कुठे आहे हे शत्रूला कळू नये यासाठी तिच्यावरून निघणारी प्रत्येक लहर मोजून-मापून सोडावी लागते. त्या वाय-फायचे नाव होते ‘स्टिंकी’, म्हणजे घाण वास मारणारे. वास सुटायचा तो सुटलाच. इतर खलाशांच्या मोबाइलवर ते नाव दिसू लागले, कुजबुज झाली, कप्तानाच्या नावे चिठ्ठीही टाकली गेली. तेव्हा या मंडळींनी कबुली देण्याऐवजी वाय-फायचे नाव बदलून ते प्रिंटरचे वाटेल असे ठेवले. ऑगस्ट २०२३ मध्ये अधिकृत यंत्रणा बसवायला आलेल्या एका नागरी तंत्रज्ञाला ती तबकडी दिसली आणि बिंग फुटले. या कटात पुढाकार घेणाऱ्या नौकेवरील सर्वांत ज्येष्ठ नॉन-कमिशन्ड अधिकाऱ्याला २०२४ मध्ये लष्करी न्यायालयाने दोषी ठरवून पदावनत केले.

काकांच्या आणि या प्रकरणाच्या मुळाशी एकच गोष्ट होती: हवी ती सोय सरळ वाटेने मिळत नव्हती. पुढचा फरक मोठा आहे. एकाने विचारताक्षणी ‘‘हो, मीच लावलं’’ म्हटले. दुसऱ्यांनी अधिकार वापरून लपवले. शिक्षा ठरवताना हा फरक पाहिला पाहिजे. खोका मात्र दोन्हीकडे सारखाच धोकादायक असतो. लावणाऱ्याचा हेतू चांगला होता हे आत शिरणाऱ्याला ठाऊक नसते आणि त्याचे त्याला सोयरसुतकही नसते.

उघड्या दारातून कोण येते

या धोक्याची सर्वांत दाहक ओळख महाराष्ट्राला २००८ साली झाली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल पोचला होता. त्याचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी पोचले. त्याचे वाय-फाय कोणाही परक्याने वापरावे असे उघडे होते. पुढच्याच महिन्यात दुसरा ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून गेला आणि १३ सप्टेंबरच्या दिल्लीतील स्फोटांच्या वेळचा ई-मेल चेंबूरमधील एका कंपनीच्या वाय-फायमधून. तिन्ही ठिकाणच्या लोकांचा कटाशी काहीही संबंध नव्हता. पण पोलीस दारात उभे राहिले ते त्यांच्याच. स्वतःची निर्दोषता सिद्ध करेपर्यंत माणसाच्या वाट्याला काय येते, हे मध्यमवर्गीय घरात वेगळे सांगायला नको.

त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधून त्यांच्या मालकांना ताकीद देण्याची मोहीम जाहीर केली आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट पुरवठादारांना वाय-फायच्या सुरक्षित वापराबद्दल सूचना दिल्या. आता नवा राउटर बहुधा पासवर्ड लावूनच घरी येतो.

बाहेरून येणाऱ्यांची तयारी किती असू शकते, हे २०१८ साली नेदरलँड्समध्ये दिसले. हेग शहरात रासायनिक शस्त्रबंदी संघटनेचे मुख्यालय आहे. १३ एप्रिल २०१८ रोजी त्याला लागूनच्या हॉटेलच्या वाहनतळावर एक भाड्याची मोटार मुख्यालयाकडे पाठ करून उभी होती. डच गुप्तचरांनी ती उघडली, तेव्हा मागच्या डिकीत बॅटरी, वाय-फायची उपकरणे आणि कोटाखाली झाकलेला अँटेना सापडला. मुख्यालयातल्या लोकांचे लॅपटॉप आपल्याकडे ओढून त्यांचे पासवर्ड मिळवण्याचा बेत होता. चौघा रशियन लष्करी हेरांना त्याच दिवशी देशाबाहेर काढण्यात आले. त्यांच्यापैकी एकाच्या सामानात मॉस्कोतल्या विमानतळापर्यंतच्या टॅक्सीची पावती निघाली, आणि टॅक्सी जिथून केली ती जागा लष्करी हेरखात्याच्या इमारतीला लागून होती. एवढे कसलेले हेर, पण प्रवासखर्चाची पावती जपून ठेवायची कारकुनी सवय काही सुटली नव्हती!

शेजाऱ्याची लहर

आता उपायाकडे येऊ. मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: ‘‘ते परकं वाय-फाय बंद पाडता येत नाही का हो?’’

येते. आणि फार सहज येते, हीच त्यातली ग्यानबाची मेख आहे. वाय-फायच्या मूळ रचनेत ‘जोडणी तोडा’ हा हुकूम कोणी दिला याची खातरजमा करण्याची सोय नव्हती. त्यामुळे दुसऱ्या खोक्याच्या नावाने असा हुकूम हवेत सोडला, की त्याला जोडलेली उपकरणे निमूटपणे बाहेर पडतात. कार्यालयांसाठी मिळणाऱ्या काही यंत्रणांत त्यासाठी एक बटणच असते. आपल्याच तारेला लागलेल्या ‘रोगा’वर ते वापरले तर एक वेळ समजू शकते. पण शेजाऱ्यावर?

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात मॅरियट कंपनीच्या एका मोठ्या हॉटेलने हेच केले. संमेलनाला येणारे लोक स्वतःच्या मोबाइलचे हॉटस्पॉट चालू करत, ते हॉटेलची यंत्रणा पाडत असे. आणि हॉटेलचे वाय-फाय वापरायचे तर एका उपकरणामागे काही वेळा हजार डॉलरपर्यंत आकार होता. २०१३ मध्ये तक्रार झाली. कंपनीचे म्हणणे, आम्ही पाहुण्यांचे ‘रोग’ खोक्यांपासून रक्षण करत होतो. तेथील दळणवळण आयोगाने ते मानले नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये सहा लाख डॉलरचा दंड झाला.

आपल्याकडेही स्थिती वेगळी नाही. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. याचा अर्थ तो सर्वांचा आहे, आणि म्हणून कोणा एकाच्या हक्काचा नाही. सार्वजनिक नळासारखा, आपली बादली भरेपर्यंत दुसऱ्याची लाथाडता येत नाही. दुसऱ्याच्या संगणकजाळ्यात जाणूनबुजून व्यत्यय आणणे किंवा हक्काच्या माणसाला त्याचा वापर नाकारणे हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात बसते. लबाडीने केले तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लहरी दाबणारा ‘जॅमर’ तर सरकारी परवानगीवाचून वापरताच येत नाही.

आमच्या शेजारच्या इमारतीत शिकवणीचा वर्ग आहे. त्यांच्या वाय-फायमुळे आमच्या सभेच्या खोलीतले सारखे तुटत असे. मी वर गेलो, तिथल्या सरांबरोबर चहा घेतला आणि त्यांना मोबाइलवर चित्र दाखवले. या पट्ट्यात एकमेकांच्या अंगावर न येणाऱ्या वाटा तीनच: एक, सहा आणि अकरा. दोघेही सहावर गर्दी करत होतो. त्यांना अकरावर नेले, आम्ही एकवर आलो. सर म्हणाले, ‘‘आमच्या मुलांचं पण अडकायचं हो, आम्हाला वाटायचं तुम्हीच काहीतरी करताय!’’ संशय दोन्ही बाजूंनी होता, आणि तो दहा मिनिटांत मिटला.

शेजारी कोण आणि घुसखोर कोण हे आपोआप ओळखण्याच्या कामात पुण्याचाही मोठा वाटा आहे, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. ‘एअरटाइट नेटवर्क्स’ या कंपनीचे संशोधन पुण्यात चाले; पुढे ती ‘मोजो नेटवर्क्स’ झाली आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या ‘अरिस्टा’ने ती विकत घेतली. अशा यंत्रणांमागची कल्पना सुबक आहे. आपल्या तारेवर खुणेचा एक छोटा संदेश सोडायचा आणि तो त्या परक्या खोक्यातून हवेत उमटतो का ते ऐकायचे. उमटला तर तो आपल्या तारेला लागलेला, म्हणजे ‘रोग’. नाही उमटला, तर बहुधा शेजारी. विहिरीत रंग टाकून पाणी कुठल्या झऱ्यातून निघते ते पाहावे, तसे.

घरी काय करावे

आता पुष्कळ घरांतच कार्यालय थाटलेले आहे, म्हणून चार गोष्टी घरच्यांसाठी. राउटरची दोन कुलुपे असतात: एक वाय-फायचा पासवर्ड आणि दुसरा राउटरच्या आतल्या मांडणीचा. दुसरा बहुतेकांनी कधी बदललेलाच नसतो; तो आधी बदला. सुरक्षेच्या यादीत ‘डब्ल्यूपीए ३’ असेल तर ते निवडा, नसेल तर ‘डब्ल्यूपीए २’. ‘डब्ल्यूईपी’ हे जुने कुलूप २००१ सालीच फुटलेले आहे. ‘डब्ल्यूपीए ३’मध्ये जोडणी तोडण्याचा हुकूम खरा की खोटा हे तपासले जाते, त्यामुळे वर सांगितलेली युक्ती तिथे सहज चालत नाही. पाहुण्यांसाठी वेगळे ‘गेस्ट’ वाय-फाय ठेवा. पाहुण्याला चहा द्यावा, तिजोरीची किल्ली देऊ नये.

आणि मोबाइलला विसरायला शिकवा. विमानतळावर, हॉटेलात एकदा वापरलेले वाय-फाय तो लक्षात ठेवतो आणि तेच नाव पुन्हा दिसले की न विचारता जोडला जातो. तोतयाचे फावते ते इथे. २०२४ साली ऑस्ट्रेलियात एका माणसावर विमानतळांवर आणि चक्क विमानात असे नकली वाय-फाय चालवून लोकांचे ई-मेल आणि समाजमाध्यमांचे पासवर्ड गोळा केल्याचा आरोप ठेवला गेला. तो सापडला, कारण विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांना प्रवासात एक अनोळखी वाय-फाय दिसले आणि त्यांनी ते वर कळवले. यंत्राआधी माणसाच्या नजरेला खटकले.

कार्यालयांसाठी पक्का उपाय उपलब्ध आहे. भिंतीतला प्रत्येक जॅक उपकरणाची ओळख पटल्याशिवाय चालूच होऊ नये, अशी व्यवस्था करता येते. शाळेत हजेरी झाल्याशिवाय वर्गात बसू न देण्यासारखी. आमच्याकडे ती २०१९ पासून आहे. कोणी राउटर खुपसला तरी जॅक मुकाच राहतो. पण तिच्या भरवशावर मी फेरा बंद केलेला नाही. जॅक मुका झाला म्हणून माणूस हतबल होत नाही. तो खिशातला हॉटस्पॉट चालू करतो, कंपनीचा लॅपटॉप त्याला जोडतो आणि काम पुढे ढकलतो.

म्हणून माझ्या वहीत आता दर महिन्याला दोन याद्या असतात. डाव्या पानावर परकी नावे. उजव्या पानावर रेंज पोचत नाही अशा जागा आणि तिथे काम करणाऱ्यांनी सांगितलेल्या अडचणी, तारीख घालून. वरिष्ठांच्या बैठकीत मी आधी उजवे पान वाचतो. सुरुवातीला लोक चुळबुळ करायचे, ‘सुरक्षेचं बोला’ म्हणायचे. गेल्या काही वर्षांत त्यांच्याही लक्षात आले आहे, की उजव्या पानावरची एखादी ओळ तीन महिने तशीच राहिली, तर चौथ्या महिन्यात डाव्या पानावर एक नवे नाव चढते.